पोफळीखालचा नियम

माझं तोंड बंद राहत नाही, हे दिवेआगरात कुणालाही विचारा. आमच्या घरी उतरणारे पाहुणे मोदकांचं कौतुक करतात आणि निघताना ह्यांना हळूच विचारतात, "वहिनी रोजच एवढं बोलतात का?" हे म्हणतात, "न्हाय, आज जरा कमीच."

अशा बाईला लेकीच्या पहिल्या रेसला गप्प उभं राहायचं होतं.

लेक पुण्याला एका रेसिंग टीमच्या गॅरेजात कामाला आहे. गाड्या खोलायच्या, जोडायच्या आणि पळवून बघायच्या. स्टिअरिंग तिने पहिल्यांदा धरलं ते आमच्या टेम्पोचं, ओहोटीला किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूत. शेजारी बसून मी "हळू, हळू" करत होते आणि ती ऐकत नव्हती. पुढे बोर्ली पंचतनच्या वळणांवर तेच, श्रीवर्धनच्या रस्त्यावर तेच. एकूण माझ्या "हळू"चा काही उपयोग झाला नाही, हे आता सगळ्यांना दिसतंच आहे.

ती चालवते त्या गाड्या दिसायला तुमच्या-आमच्या दारातल्यासारख्याच. फक्त आतल्या सीटा काढलेल्या आणि लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला. यंदा टीमचा एक ड्रायव्हर सोडून गेला, तेव्हा मॅनेजर तिला म्हणाला, हंगामाची पहिली रेस तू चालव. पहिल्या पाचात आलीस तर सगळा हंगाम तुझा. नाही आलीस तर दुसरा मुलगा तयार आहे. मला फोनवर सांगताना ती नुसतं "बघू" म्हणाली. लहानपणापासून ज्या गोष्टीत तिचा जीव अडकतो, तिला ती "बघू" म्हणते. मी त्याच दिवशी पाहुण्यांना त्या तारखा नाही म्हणून कळवून टाकलं.

रेस चेन्नईच्या बाहेर. आम्ही दोघं गेलो, सोबत लाडू आणि वाडीतला एक नारळ. तो ह्यांना गाडीपुढे फोडायचा होता. मॅनेजरने हात जोडले. म्हणाला, "काका, इथे नको. करवंटीचा तुकडा टायरखाली आला तर पंचाईत होईल." मग हे लांब, गाड्या लावतात तिथे गेले, देवाचं नाव घेऊन नारळ फोडला आणि तिथल्या मेकॅनिक पोरांना खोबरं वाटून आले. पोरांनी आवडीने खाल्लं. मला बरं वाटलं.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. वाडीतल्या पोफळींवर हे स्वतः चढतात. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, उंच आणि मनगटाएवढं वाटावं असं बारीक. पायांत दोरीचा फास अडकवून हे सरसर वर जातात, घड उतरवतात आणि झाडालाच झोका देऊन शेजारच्या पोफळीवर जातात. वादळात निम्मी वाडी आडवी झाली, पण ह्यांचं चढणं काही थांबलं नाही. गावात म्हणतात, ह्यांना भीती ठाऊकच नाही. मीही तेच म्हणत आले.

आणि हा माणूस पहिली गाडी गुरगुरली तशी कॅन्टीनमध्ये जाऊन ट्रॅककडे पाठ करून बसला. "मला बघवत न्हाय गो. काय होईल ते तू येऊन सांग." मी म्हटलं, "वा रे शूर!" आणि एकटीच पुढे गेले.

मॅनेजरने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. तो आणि लेक रेडिओवर बोलतात ते मला ऐकू येणार होतं, आणि लेकीलाही ते ठाऊक होतं. बोलायचं बटण मात्र त्याच्याच हातात. तो जपून म्हणाला, "काकू, चालवताना तिच्याशी कुणी बोलायचं नसतं." मी म्हटलं, "मला नको शिकवूस. आमच्या वाडीत हाच नियम आहे."

आणि खरंच आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला पहिलं हेच सांगितलं होतं: वर चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची नाही. हाक मारली की तो खाली बघतो, आणि खाली बघितलं की हात सुटतो. "जपून" म्हणायचं नाही, "सावकाश" म्हणायचं नाही. वरून हे अधूनमधून विचारतात, "हाय का गो खाली?" त्याला एकच उत्तर, "हाय." दिवसभरात एवढं थोडक्यात मी तेवढंच बोलते. तेही सुपाऱ्या गोळा करता करता, कधी त्रासून. मी जाणार कुठे? मला वाटायचं, तोडलेला घड खाली टाकण्याआधी विचारत असतील. लेक लहान असताना माझ्याबरोबर खाली उभी राहून तीही ओरडायची, "हाय, बाबा!"

रेस सुरू झाली. ती सातवी निघाली. पुढच्या दोन गाड्या वळणावर एकमेकींना घासून मातीत गेल्या आणि ही पाचवी झाली. मागे एक लाल गाडी लागली होती. दर चकरेला ती जवळ येत होती. मॅनेजर शांतपणे सांगत होता, "लाल गाडी मागेच आहे. तू तुझी लाइन सोडू नकोस." माझ्या ओठांवर "हळू गो बाई" आलं, मग "पळव गो बाई" आलं. मी पदर तोंडात धरला.

शेवटच्या दोन चकरा राहिल्या. लाल गाडी तिच्या दाराशी आली, मागे पडली, पुन्हा आली. हेडफोनमध्ये लेकीचा श्वास ऐकू येत होता. मग तिचा आवाज आला, बारीक.

"हाय का गो खाली?"

मॅनेजर गोंधळला. खाली म्हणजे कुठे, आणि ती विचारतेय कुणाला, त्याला कळेना. मी हात पुढे केला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बटण माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, "हाय."

बटण परत दिलं. माझ्या आयुष्यात इतकं कठीण काही केलेलं मला आठवत नाही. लाल गाडी शेवटच्या वळणापर्यंत चिकटून होती, पण पुढे गेली नाही. लेक पाचवी आली. मॅनेजरने तिथेच सांगून टाकलं, हंगाम तुझा. मी रडले, आणि नंतर जी बोलत सुटले ती कॅन्टीनपर्यंत.

चहा घेताना मी तिला विचारलं, "एवढ्या घाईत ते काय गं सुचलं तुला?"

"हात घामेजले होते, आई. भीती वाटली."

"मग?"

"मग काय? बाबांना वर भीती वाटली की तेही विचारतात ना. मी लहानपणी विचारलं होतं त्यांना. तुला नाही माहीत?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कपात बघत होते. तसेच बघत म्हणाले, "झाड हलतं गो वर."

घरी आल्यावर हे पुन्हा वाडीत गेले. पहिल्याच पोफळीवर, अर्ध्याच्या वर पोचल्यावर हाक आली, "हाय का गो खाली?"

मी सुपाऱ्यांची टोपली खाली ठेवली, खोडाला हात लावला. खोड थरथरत होतं. म्हटलं, "हाय." आणि हे उतरेपर्यंत हात काढला नाही.