दहा वीसला निघून दहा दहाला पोहोच

आमच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळजींचं दुकान होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवरच थांबायचं. डोळ्याला भिंग लावून घड्याळजी दिवसभर चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचलत. एकसष्ट वर्षांत हा माणूस कुठे मिनिटभर उशिरा गेला नव्हता.

अलीकडे गेलेच नव्हते असं ठिकाण एकच. थोरली बहीण डोंगरांपलीकडच्या शहरात राहायची. रस्ता सगळ्या डोंगरांना वळसा घालून अकराशे किलोमीटर; दोन दिवस बसमध्ये बसून हाडं खिळखिळी व्हायची. सात वर्षांत भावाबहिणीची भेट नव्हती. मग यंदा तिकडे विमान सुरू झालं. सरळ रेषेत चारशे ऐंशी किलोमीटर, अवघी पन्नास मिनिटं. लेकीने हौसेने तिकीट काढून दिलं.

घड्याळजींनी ते भिंगाखाली धरलं आणि तडक तिकिटांचं ऑफिस गाठलं.

"बाई, छापताना घोळ झालाय. दहा वीसला सुटणार आणि दहा दहाला पोहोचणार?"

"बरोबर आहे, काका. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा एक तास मागे असतात."

"सगळीच?"

"सगळी."

"आणि कोणी दुरुस्त करत नाही?"

बाई हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग तिने सूर्य, पृथ्वी सगळं नीट समजावलं. घड्याळजी परतले ते जमिनीपासून वीतभर वरूनच. भेटेल त्याला सांगत सुटले, "मी निघायच्या आधी पोहोचतोय!" दूधवाल्याला तर दोनदा सांगितलं.

बायको म्हणाली, "मग पोहोचल्याचा फोन आधी करा. डबा त्यानंतर भरते."

विमान उडालं तेव्हा पोटात अशा गुदगुल्या झाल्या की घड्याळजी मोठ्याने हसले. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ होतं. चाकं टेकली तेव्हा डाव्यात अकरा दहा, उजव्यात दहा दहा. शेजारच्या अनोळखी बाईपुढे त्यांनी दोन्ही हात धरले. तिने चक्क टाळ्या वाजवल्या.

बाहेर अडुसष्ट वर्षांची ताई हेल्मेट घालून स्कूटरवर बसली होती. रडारड झाली, पण घाईघाईत.

"बस मागे," ती म्हणाली.

"तू चालवणार?"

"महिना झाला शिकून. फक्त उजवीकडे वळायला अजून जमत नाही."

"आणि घर कुठल्या बाजूला आहे?"

"उजवीकडे. तू घट्ट धर रे!"

डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. मांडीवरची पिशवी सांभाळत घड्याळजी पोट धरून हसत होते, पुढे ताईचे खांदेही हसून गदगदा हलत होते. एकाच फळवाल्यासमोरून ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने हात केला.

घड्याळजींनीही केला आणि ओरडले, "ताई, घर राहू दे गं, अजून एक फेरी मार!"