थंडी आहे, जेवण झालं

आमच्या सोसायटीत आजही कुणालाही विचारा, त्या पिक्चरमधून सगळ्यात आधी उठून कोण गेलं, तर माझ्याकडे बोट दाखवतील. दाखवू देत. मी कंटाळून उठलो असं त्यांना वाटतं, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. खोडायला गेलं की सगळंच सांगावं लागतं, आणि आमच्या लोकांना सगळं सांगणं म्हणजे नोटीस बोर्डावर लावल्यासारखंच आहे.

आम्ही काळेवाडीत राहतो. मूळचे मराठवाड्यातले, पण आता मुलूख हाच. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो, इन्स्पेक्टर. रिटायर झालो तरी खोड जात नाही. हॉटेलात गेलो की पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरून बघतो, आणि ही टेबलाखालून पाय मारते. आम्हाला एकच पोरगी. मेकॅनिकल झाली, इथं नोकरी केली, मग जर्मनीत एका लहानशा गावातल्या कंपनीत लागली. ही गोष्ट घडली तेव्हा तिला जाऊन चौदा महिने झाले होते. दर रविवारी संध्याकाळी सातला आम्ही तिला फोन करायचो. तिकडे तेव्हा दुपारचे अडीच.

पिक्चरचं खूळ काढलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं. आयटीतला पोरगा, आधी मारुंजीला राहायचा, मग आमच्याकडे आला. मध्ये दोन वर्षं परदेशात काढून आलेला. सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा चांगला पिक्चर दाखवू म्हणाला. हॉल म्हणजे पार्किंगच्या शेजारची खोली, गणपती बसतो ती. सेक्रेटरींनी प्रोजेक्टर आणला, भिंतीला पांढरी चादर लावली. जानेवारीतला रविवार, दुपारी चारची वेळ. बायका मटार सोलायला घेऊन आल्या होत्या, आमची ही पण. पुढच्या खुर्चीत आबा बसले. ज्या जमिनीवर आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांची, त्यामुळे पुढची खुर्ची त्यांची हे न सांगता ठरलेलं आहे.

भाडेकरू उभा राहून म्हणाला, "पिक्चर जरा हळू आहे. पण थांबा, सोडून जाऊ नका."

आबा म्हणाले, "हळू म्हंजी किती हळू?"

पोरगा नुसता हसला. तिथंच मला कळायला हवं होतं.

पिक्चर एका आपल्याकडच्या माणसाचा होता. कुठल्यातरी थंड देशात हॉटेलच्या लाँड्रीत काम करायला गेलेला. सकाळी उठतो, चहा करतो, कप धुतो, बसनं जातो, चादरींच्या घड्या घालतो, बसनं येतो, उभ्यानंच जेवतो. पुन्हा सकाळ, पुन्हा चहा. बोलणं नाही, गाणं नाही, मागं वाजवणं नाही. पहिल्या दहा मिनिटांत सेक्रेटरी दोनदा उठून स्पीकरची वायर हलवून आले. त्यांना वाटलं आवाजच गेला. भाडेकरू म्हणाला, "काका, आवाज आहे. तो बोलतच नाहीये." सेक्रेटरी म्हणाले, "मग बोलायला लागला की सांग," आणि मोबाईल काढून बसले.

आबांचं चालूच होतं. "आरं, ह्यो अजून च्याच पितोय व्हय?" मग थोड्या वेळानं, "ह्याला कुणी मारणार-बिरणार हाय का न्हाई?" मागून एक जण म्हणाला, "आबा, हाच कंटाळून मरणार, थांबा." हॉल हसला. बायकांच्यात एक म्हणाली, बाई, कप किती स्वच्छ धुतो, आमच्याकडे एकदा तरी धुवा म्हणावं. त्यावर दुसरीनं तिच्या नवऱ्याकडे बघितलं. पोरंटोरं कधीच पार्किंगमध्ये पळाली होती. भाडेकरू भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. मला त्याची कीव यायला हवी होती, पण खरं सांगतो, मला मजा येत होती. फुकटचा पिक्चर आणि त्याहून चांगली कॉमेंट्री.

त्यात तो माणूस घरी फोन करायचा. आठवड्यातून एकदा, एकाच खुर्चीत बसून. पलीकडून आई बोलत असावी, ती ऐकू येत नाही. हा म्हणतो, "मी बरा आहे. इथं थंडी आहे. हो, जेवण झालं." आणि ठेवतो. दुसऱ्या आठवड्यात तेच, शब्द न् शब्द तेच. तिसऱ्यांदा तो खुर्चीत बसला आणि मी मोठ्यानं म्हणालो, "आता म्हणणार बघा, थंडी आहे." आणि तो तेच म्हणाला. काय हसला राव हॉल. आबांनी मागं वळून मला टाळी दिली. चौथ्या वेळेला मला काही बोलावंच लागलं नाही, सगळ्या हॉलनं एका सुरात त्याच्यासोबत म्हटलं, "मी बरा आहे, इथं थंडी आहे, हो, जेवण झालं." माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

मी हसत हसत हिच्याकडे बघितलं. ही हसत नव्हती. हातात मटारची शेंग तशीच धरलेली. मला म्हणाली, हळूच, "अहो, आपली पण हेच म्हणते."

मी म्हणालो, "काहीतरीच काय." पण म्हणेपर्यंत माझं हसू थांबलं होतं.

आता मला कारखान्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ते का थांबलं ते कळायचं नाही. मशीनवरच्या ऑपरेटरनं दर तासाला पाच पीसची जाडी मोजायची आणि रीडिंग कागदावर लिहायचं असा नियम असतो. मशीन कितीही चांगलं असलं तरी रीडिंग थोडं हलतंच. केसभर वर, केसभर खाली. ज्या कागदावर सकाळपासून शिफ्ट सुटेपर्यंत एकच आकडा असतो, त्या माणसानं मोजलेलं नसतं, बसल्या जागी लिहिलेलं असतं. असे कागद मी लांबून ओळखायचो. माझा दराराच होता तसा. एकदा एका ऑपरेटरला असाच पकडला, चारचौघांत झापला. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि शेवटी म्हणाला, "साहेब, खरं रीडिंग लिहिलं की तुम्ही येऊन बोंबलता. सारखं लिहिलं की कुणी येत नाही." मी त्याला आणखी झापला.

आणि गेलं वर्षभर माझी पोरगी मला दर रविवारी एकच आकडा लिहून देत होती. मी बरी आहे बाबा. थंडी आहे. हो, जेवण झालं. काम ठीक. मी सही करत होतो. लिफ्टमध्ये कुणी विचारलं की सांगत होतो, पोरगी एकदम मजेत.

सुरुवातीला ती व्हिडिओवर बोलायची. मग म्हणाली नेट नीट चालत नाही, आवाजाचाच फोन करत जाऊ. जर्मनीत नेट चालत नाही आणि काळेवाडीत चालतं, हे मी ऐकून घेतलं. आणि त्याच्याही आधीचं आठवलं, जे मला आठवायला नको होतं. गेल्यावर पहिल्याच महिन्यात ती फोनवर रडली होती. मी तेव्हा आदल्या दिवसापासून कशानं तरी तापलेलो होतो. म्हणालो, "रडायला गेलीस का तिकडे? रडायचं असेल तर बॅग भर आणि ये परत, पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं ते मी बघतो." ती गप्प झाली. पुढच्या रविवारपासून तिचं सगळं ठीक होतं. मला वाटलं, बघा, एक दम दिला आणि पोरगी सरळ झाली.

चादरीवर तो माणूस फोन ठेवून तसाच बसला होता. खोलीत हळूहळू अंधार होत होता आणि तो दिवा लावत नव्हता. आबा म्हणाले, "लाइट गेली काय ह्याची?" पुन्हा हशा. मला बसवेना. मी उठलो. हिनं मटारची ताटली शेजारणीच्या मांडीवर ठेवली आणि माझ्या मागं आली. दारात भाडेकरू होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही पण?" मी त्याच्या खांद्याजवळून वाट काढून जिन्याकडे गेलो. मागून सेक्रेटरी म्हणाले, "पहिली विकेट गेली."

पहिल्या मजल्याच्या वळणावर उभं राहून फोन लावला. पाच वाजले होते, म्हणजे तिकडे साडेबारा. ही म्हणाली, "सातला करतो ना आपण? आत्ता केला तर घाबरेल ती."

मी म्हणालो, "घाबरू दे."

स्क्रीनवर नुसतं कॉलिंग येत होतं. रिंगिंग होईना. म्हणजे फोन बंद किंवा नेट बंद. कट केला, पुन्हा लावला. कॉलिंग. भरदुपारी, रविवारी, पोरीचा फोन बंद का? बाहेर गेली असेल म्हणावं तर बाहेर जाताना कोण फोन बंद करतं? हिनं जिन्याचा कठडा धरला होता. म्हणाली, "दुसऱ्या कुणाला लावा ना." मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत सरकवली. दुसरा कुणाचा नंबरच नव्हता. मैत्रिणीचा नाही, घरमालकाचा नाही, ऑफिसातल्या कुणाचा नाही. शेजारी कोण राहतं ते माहीत नव्हतं. तिला तिथं कुणी मैत्रीण आहे का, हेच मला माहीत नव्हतं. कधी विचारलं नव्हतं. तिथं तिला काही झालं तर आम्हाला कोण कळवणार होतं?

तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. ही तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेत होती. मी तिच्यावर खेकसलो की गप्प बस, आणि लगेच वाईट वाटलं. खालून हॉलमधून पुन्हा हसणं ऐकू आलं. पाचव्यांदा रिंगिंग आलं. वाजला, वाजला, आणि उचलला.

पलीकडून जो आवाज आला तो माझ्या पोरीचा नव्हता. घोगरा, फाटका, एखाद्या म्हातारीचा असावा तसा. "हॅलो."

मी म्हणालो, "कोण बोलतंय?"

"बाबा, मीच." मग खाकरली. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे, माझ्या शेजारी उभी आहे. तुझ्या आवाजाला काय झालंय? ताप आहे का? फोन बंद का होता?"

"काही नाही झालं. झोपले होते, आत्ता उठून चालू केला. अडीचच्या आधी कुणाचा येत नाही, म्हणून बंदच असतो."

"साडेबाराला झोपलेली? आणि आवाज?"

ती पुन्हा खाकरली. आता म्हणणार थंडी आहे, असं मला वाटलं, आणि मी मनात म्हणालो, नको म्हणू गं. ती म्हणाली, "बाबा, शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून आत्ता पहिल्यांदा बोलतेय. म्हणून असा येतोय."

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे कुणाशी बोललेच नाही. दुकानात कार्ड टेकवायचं, बसमध्ये बसायचं, बोलावं लागतच नाही. ऑफिसात पण कामापुरतं. शनिवार-रविवार तोंड उघडत नाही, मग घसा असा होतो." तिचा आवाज हळूहळू ओळखीचा होत होता. "रविवारी तुमचा फोन यायच्या आधी मी पाढे म्हणते मोठ्यानं. दोनपासून तीसपर्यंत. मग आवाज मोकळा होतो, तुम्हाला कळत नाही. आज तुम्ही लवकर केलात."

ही माझ्या कानाजवळ कान लावून ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला पोरीला खूप काही विचारायचं होतं. असं किती दिवस चाललंय, जेवतेस का खरंच, डॉक्टरकडे गेलीस का, परत येतेस का. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. फोन कानाला, आणि तोंड बंद.

पलीकडून ती म्हणाली, "बाबा?" मग घाईघाईनं, "म्हणजे नेहमीच असं नाही हां, काम चांगलं आहे, परवा साहेबांनी कौतुक पण केलं." मी तरी गप्प. तेव्हा ती एकदम लहान आवाजात म्हणाली, "बाबा, रागावलात का?"

हिनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. मी हातानं खूण करत होतो, नाही नाही, सांगू नको. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "रागावले नाहीत गं. रडतायत."