बाबांचे वरचे चार दात

बाबा दर शनिवारी ज्या बारमध्ये क्लॅरिनेट वाजवतात तिथे मी एकदाच गेले, आणि तेही मुलगी म्हणून कमी, दातांची डॉक्टर म्हणून जास्त.

महूला फौजेच्या बँडमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर इंदूरला आले आणि हा बार धरला. दहा-बारा टेबलं, संध्याकाळी सात ते नऊ जुन्या सिनेमांची गाणी. आम्ही बौद्ध, पंचशीलातलं पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पिणाऱ्यांसाठी वाजवणं वेगळं, असं ते म्हणतात. आईला ते पटत नाही. शनिवारी ती त्यांच्याशी बोलत नाही, रविवारी विहारातून आल्यावर बोलते.

त्यांच्या वरच्या पुढच्या चार दातांभोवतीचं हाड झिजलं होतं. दात हलत होते, काढणं भाग होतं. चार महिने मी सांगत होते आणि ते "बघू" म्हणत होते. क्लॅरिनेटचं टोक वरच्या दातांखाली धरतात. दात गेले की वाजवणं गेलं, ही धास्ती मला कळत होती. पण दुसरा पेशंट घाबरला की मी समजावते, बाप घाबरला की माझं डोकं फिरतं. शेवटी क्लिनिकमध्ये, असिस्टंटच्या देखत, "जन्मभर फौजेत राहून भित्रेच राहिलात," असं बोलून गेले. ते चपला घालून निघून गेले.

त्याच शनिवारी मी बारमध्ये गेले. दात अजून किती तग धरतील ते बघायचं होतं. बाईमाणूस बघून वेटरने मला कोपऱ्यात बसवलं आणि न मागता लिंबू-सोडा आणून ठेवला. बाबा उभ्याने वाजवत होते, पाठ परेडला असावी तशी ताठ. शेजारी कीबोर्डवाला एका हाताने वाजवत, दुसऱ्याने शेंगदाणे खात होता. मला संगीतातलं फारसं कळत नाही. मी तोंड बघत होते.

लहानपणापासून मी त्यांचे दात क्लॅरिनेटवर टेकलेले पाहिले होते. आज दात दिसतच नव्हते. वरचा ओठ आत दुमडून त्यांनी दातांवर घेतला होता, आणि ओठांनीच ते टोक दाबून धरलं होतं. वरच्या सुरावर आवाज फाटला.

"क्या भिया, गला बैठ गया क्या?" मागच्या टेबलावरून कोणी ओरडलं. चार जण हसले. बाबा थांबले नाहीत. बँडवाला चुकला तरी थांबत नाही. कडवं फिरून आलं तेव्हा तोच सूर नीट लागला.

मध्यंतरात ते माझ्याजवळ येऊन बसले. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्यांचा वरचा ओठ उचलून पाहिला. आतून तो दातांच्या कडांनी कापला होता. काही जखमा भरलेल्या, एक अजून ओली.

"बाबा, हे कधीपासून?"

"तू दात काढायचं बोलली होती ना, तेव्हापासूनच. सकाळी फिरायला जातो ना, तिकडेच प्रॅक्टिस करतो. दात नसले तर कसं वाजेल, ते."

"मग मला सांगायचं ना!"

"पहले जमू तर दे, बेटा." त्यांनी रुमालाने ओठ टिपला. "अब आ रहा है थोडा थोडा. सोमवारी काढून टाक."

ते पुन्हा वाजवायला गेले. मला माझीच इतकी लाज वाटली की उरलेली गाणी मी मान खाली घालून ऐकली.

सोमवारी मी चारही दात काढले. तोंडात कापूस होता, म्हणून त्यांनी दोन बोटं वर केली आणि हवेतच क्लॅरिनेट धरून दाखवलं. दोन आठवड्यांनी वाजवू का, असं विचारत होते. असिस्टंट माझ्याकडे बघत होती. बाकी कोणालाही मी सहा आठवडे सांगते. मी हातमोजा काढला आणि तीन बोटं दाखवली.