कोर्टातली काडीमोड

धाकट्या बहिणीची काडीमोड गावात, पंचांसमोर झाली होती. आम्हा कोकणा आदिवासींत नवराबायकोचं पटेनासं झालं की पंच बसतात, दोघांचं ऐकून घेतात आणि गवताची काडी मोडतात. झालं, दोघं मोकळी. बहीण मग सुरतेजवळ उधन्यात साड्यांच्या कारखान्यात लागली. तिथल्याच एकाशी तिनं घर मांडलं, तसा पहिला नवरा कामरेजहून उगवला. म्हणाला, काडीबिडी काही मोडली नाही, ही अजून माझीच बायको.

दावा सुरतेच्या कोर्टात गेला. बहिणीची वकील मीच. आम्हाला हिंदू विवाह कायदा लागत नाही, रूढी लागते. पण ती सिद्ध करावी लागते. फार जुनी हवी, अखंड हवी, नीतीला धरून हवी. या कसोट्या इंग्रजांच्या वेळच्या. कॉलेजात असताना मी यावरच निबंध वाचला होता, की साहेब गेला, पण त्याचा तराजू आपल्या हातात राहिला. टाळ्या पडल्या होत्या.

पंचांतला एक म्हणून साक्षीला आमचा बा आला. मी विचारलं, "ही रीत कधीपासूनची?"

"आहेच."

"पण किती जुनी?"

"पोरी, तुला ठाऊक नाही का?"

मागं कुणीतरी हसलं. मी कागदात डोकं घालून पुन्हा तेच विचारलं.

समोरचा गुजराती वकील उठला. "काका, काडी कशी मोडता, जरा दाखवा ने!" कुणीतरी आगपेटीतली काडी पुढं केली. मला हरकत घेता आली असती. पण साक्ष भक्कम होईल असं वाटलं. म्हटलं, "दाखव, बा."

काडी धरून तो तसाच उभा राहिला. "इथं कुणाचं मोडायचं?" त्यानं मलाच विचारलं.

खसखस पिकली. मग त्यानं ती मोडली. बहिणीची काडी मोडताना त्यानं मान वर केली नव्हती, ते मी पाहिलं होतं. आता तो फक्त माझ्याकडं बघत होता. अंगातला काळा कोट मला नकोसा झाला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. बहीण पायऱ्यांवर बसून रडली. बा म्हणाला, "वाच, काय लिवलंय." इंग्रजीतलं मी मराठीत सांगत गेले. एके ठिकाणी होतं, 'ही रूढी असभ्य म्हणता येणार नाही.' वाक्य माझ्याच युक्तिवादातून जसंच्या तसं उचललेलं होतं. ते गाळून मी पुढं गेले.

"एवढंच?" बानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.