डेबोराच्या घरची भिशी

चहा ओतून घ्या आणि ऐका, पण हसायचं नाही हं! म्हणजे हसालच तुम्ही, मला माहितीय. आमचे हे तर अजून हसतायत. जळकेपणा माणसाला कुठे नेऊन बसवेल सांगता येत नाही. मला त्याने थेट डेबोराच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. बिनबोलावता!

वैजयंती माझी जुनी मैत्रीण. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी अमेरिकेत, पिस्कॅटवेला आलो, बर्फात गाडी चालवायला एकत्र शिकलो, एकमेकींच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळले. आणि ही बाई रिटायर झाल्यावर एकदम बिझी! फोन केला की, "अगं, डेबोराकडे आहे." वॉकला चल म्हटलं की, "अय्या, डेबोराला प्रॉमिस केलंय."

डेबोरा म्हणजे वैजूच्या समोरच्या घरातली ज्यू बाई. आखूड पांढरे केस, सत्तरीतही सायकल चालवते. माझं तिच्याशी काही वाकडं नव्हतं. पण "डेबोरा म्हणते" हे शब्द ऐकायचे तरी किती? एकदा माझ्याच टेबलावर बसून, माझीच मेथीची भाजी खाताना वैजू म्हणाली, "डेबोरा म्हणते, लसूण थोडा जास्त हवा." अहो, मेथीतलं डेबोराला काय कळतं?

शेवटी मी विचारलंच, "तिथे करता तरी काय तुम्ही?"

"त्यांचं बायकांचं गिव्हिंग सर्कल आहे. सगळ्या मिळून पैसे काढतात आणि..." वैजू एकदम थांबली. "जाऊ दे. नंतर सांगेन कधीतरी. मंगळवारी दुपारी मात्र मला जमणार नाही हं, त्यांची मीटिंग आहे."

आता मला सांगा, बायका जमतात, पैसे एकत्र काढतात, खातात-पितात. याला आपल्याकडे काय म्हणतात? भिशी! वैजू मला वगळून अमेरिकन बायकांच्यात भिशी लावून बसली होती! मला दोन रात्री झोप नाही.

मंगळवारी सकाळी मी ठरवलं, आपणही जायचं. रिकाम्या हाताने नाही, साबुदाणा वडे घेऊन. एकदा माझा वडा खाल्ला की डेबोरा वैजूचं नावसुद्धा विसरेल! पण रागारागात साबुदाणा नीट निथळला नाही, आणि वडे तेलात फटाक्यासारखे फुटले. मनगटावर हे एवढाले चटके. तरी मी मागे हटले नाही. ह्यांना सांगितलं, भाजी आणायला जाते. आणि डबा घेऊन वेळेच्या आधीच डेबोराची बेल वाजवली.

दार डेबोरानेच उघडलं. मी म्हटलं, "मी वैजयंतीची..." पुढे 'मैत्रीण' म्हणणार, तर तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी!

"तुम्ही आलात! किती धाडस केलंत!"

धाडस? दोन गल्ल्या तर ओलांडल्या होत्या मी! पण स्वागत आवडलं बरं का. आत सात-आठ जणी गोल बसल्या होत्या. सगळ्या एकदम उठल्या. कुणी उशी दिली, कुणी पाणी दिलं, कुणी खिडकीचा पडदा ओढून घेतला. माझ्या वड्यात मांस नाही ना, एवढं एका आजींनी विचारलं, कारण टेबलावर चीजकेक होता आणि त्यांच्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. या आजींचं नाव रोझ, वय पंच्याऐंशीच्या पुढे, हातात काठी. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मी मनात म्हटलं, अस्सं! म्हणजे वैजू दर वेळी हे लाड करून घेते होय!

"नाव सांगायची गरज नाही," डेबोरा हळूच म्हणाली. "जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा."

भिशीत घ्यायच्या आधी मुलाखत घेतात वाटतं! मी पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली.

"घरी माहितीय, तुम्ही इथे आलात ते?"

"छे! खोटं सांगून आलेय."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकीने विचारलं, "ते तुम्हाला गाडी चालवू देतात?"

"कुठलं हो! मेलबॉक्सला दोनदा धक्का लागला, तेव्हापासून किल्ली लपवून ठेवतात. आज मिळाली कशीबशी."

तेवढ्यात रोझआजींना माझं मनगट दिसलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. "हे कुणी केलं?"

"साबुदाणा," मी म्हटलं.

आजींनी माझा हात हळूच आपल्या मांडीवर घेतला.

"नेहमी असं करतो?"

"नेहमी नाही. पण भडकला की आवरत नाही."

"आत्ता साबुदाणा घरी आहे?" आजींनी काठी घट्ट धरली.

"आहे ना! आमच्याकडे कायम असतो."

मला वाटलं, काय रस घेतायत या बायका स्वयंपाकात! डेबोरा माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. "तुम्हाला सगळ्यात जास्त कुणी दुखावलं?"

अहो, आजवर मला कुणी असं विचारलंच नव्हतं! माझा बांध फुटला.

"वैजयंतीने!"

"वैजयंतीने?" डेबोराने वळून बाकीच्यांकडे पाहिलं.

"हो! गोड बोलते, पण आतून कठोर आहे. आधी विश्वास बसवते, मग टाकून देते. फोन घेत नाही. मला सगळ्यांपासून लांब ठेवते. इथे काय चालतं तेसुद्धा मला सांगायची नाही!" आणि मी चक्क रडायला लागले. दोघी-तिघी माझ्याबरोबर रडल्या.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. वैजू आत आली, तिच्यामागे एक पंचविशीतली मुलगी, खाली मान घातलेली. रोझआजी ताडकन उठल्या, काठी आडवी धरली आणि ओरडल्या, "तिच्यापासून लांब राहा!"

"सुलभा?" वैजू किंचाळली. "तू इथे काय करतेयस?"

मग सगळा उलगडा झाला. वैजू गेलं वर्षभर एका संस्थेत काम करत होती, घरात मारहाण सोसून बाहेर पडलेल्या आपल्याकडच्या बायकांसाठी. डेबोराच्या या ज्यू मैत्रिणी दरवर्षी सारख्या वाट्याने पैसे एकत्र करतात आणि सगळ्या मिळून ठरवतात, आपल्याच भागातल्या कुठल्या बायका-मुलींच्या कामाला ते द्यायचे. म्हणजे भिशीच, पण उचलून कुणी घरी न्यायची नाही! "आम्ही याला दया म्हणत नाही," डेबोरा मला म्हणाली. "आमच्या हिब्रू भाषेत दानासाठीचा शब्दच 'न्याय' या शब्दावरून आलाय." त्या दिवशी वैजू मदत मागायला येणार होती आणि तिच्याबरोबर एक मुलगी स्वतःची हकिगत सांगणार होती. त्या मुलीच्या जागी मी बसले होते. डबा घेऊन!

मला वाटलं, जमीन दुभंगावी. माझ्यामुळे वैजूचं काम बुडालं असतं! मी उठून निघालेच. पण ती मुलगी दारात उभी होती, आणि साबुदाण्याचं ऐकून तोंडावर हात ठेवून हसत होती. वैजू नंतर म्हणाली, तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"काकू, वडा घेऊ?" तिने मराठीत विचारलं. "मग बोलायला जमेल मला."

तिने दोन वडे खाल्ले, माझ्या शेजारी बसली आणि माझी ओढणी मुठीत धरून बोलली. काय बोलली, कोण, कुठली, ते मी सांगणार नाही. पण बोलून झाल्यावर कितीतरी वेळ कुणी चीजकेकला हात लावला नाही.

वैजूच्या संस्थेला मदत मिळाली. वकिलाची सोय झाली, आणि मुलींसाठी ड्रायव्हिंगचे धडेसुद्धा. रोझआजींनी मला फोन करून कळवलं.

त्या मंगळवारी मीटिंग संपल्यावर वैजू मला घरी सोडायला आली. गाडी माझीच, चालवत होती ती. मी विचारलं, "मला का नाही गं सांगितलंस?"

"कसं सांगणार? संस्थेतलं काहीच बाहेर बोलायचं नसतं. पहिल्याच ट्रेनिंगला आम्हाला डोळे मिटायला लावले. म्हणाले, जिला हे चुकूनही सांगायचं नाही, अशी एक व्यक्ती मनात आणा. मला तू आठवलीस."

"मी? एवढ्या पिस्कॅटवेतून पहिली मीच?"

"लगेच."

"आणि डेबोरा?"

"डेबोरा मनातसुद्धा आली नाही."

काय सांगू, असा आनंद झाला मला! गाडी गॅरेजमध्ये लागेपर्यंत मी गुणगुणत होते. मग जिना चढताना मध्येच थांबले. जिला चुकूनही सांगायचं नाही, अशी... मी?