बुरुलचाचं दुकान

आमच्या नारीन भागात दुकानाला पोरांचं नाव देतात. कान्यममावशीनं रस्त्याकडची खिडकी फोडून दार केलं, आत चहा, साखर, पीठ मांडलं आणि वर निळ्या रंगात लेकीचं नाव रंगवलं, 'बुरुलचा'. पुढे लेक मॉस्कोला भांडी घासायला गेली, ती अजून आलेली नाही. पाटी बदला म्हटलं की मावशी उसळते, "आधी तुझ्या पोराचं नाव बदल!"

परवा मी मीठ घेत होते, तेव्हा मावशीला बुरुलचाचा फोन आला.

"आई, इथे सगळे मला कात्या म्हणतात. म्हणे, खरं नाव जिभेवर बसत नाही."

चार अक्षरं! त्यांच्या जिभा काय झिजणार होत्या?

मावशी उठली आणि फोन दाराबाहेर धरून उभी राहिली. समोरच्या अंगणातून कुणीतरी ओरडलं, "अगं, बुरुलचाकडे पाव आला का?"

"बुरुलचाकडे सकाळीच आला. पळ, संपेल!"

"मग बुरुलचाकडून मलाही एक आण!"

मावशीनं फोन परत कानाला लावला.

पलीकडून बारीक आवाज आला, "आई, अजून थोडा वेळ तिकडेच धर ना."