डेव्हिएशनवर पास

डोंबिवली पश्चिमेला राहायला आलो त्या दिवाळीत मी शेजारच्या घरी फराळाचं ताट दिलं. दुसऱ्या दिवशी ताट घासूनपुसून परत आलं, वर करंज्याही होत्या, पण ताटाच्या पाठीला एक गोल पिवळा स्टिकर चिकटवलेला होता. कपाळावरच्या टिकलीएवढा. ही काय भानगड म्हणून मी शेजारी विचारायला गेले, तर दार उघडणाऱ्या बाईंनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "पिवळी टिकली म्हणजे रीवर्क. लाडवाचा रवा कच्चा राहिलाय. चिवडा पास आहे." मला खरं तर राग यायला हवा होता. पण त्यांनी आत बोलावून इतका सुरेख चहा पाजला, की मी तिथेच तासभर बसले. या शोभामावशी जाधव.

वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात मावशींनी सगळी नोकरी माल तपासण्यात घालवली होती. हिरवी टिकली पास, लाल रिजेक्ट, पिवळी रीवर्क, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा दाखवा. निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याने त्यांना चांदीचा दिवा दिला, पण टिकल्यांचे कागद त्या स्वतःच पर्समध्ये घालून घेऊन आल्या असाव्यात. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला लाल टिकली होती. माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता, त्यावरही एकदा लाल टिकली उगवली आणि तो निमूटपणे नवीन हेल्मेट घेऊन आला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढले की मावशी म्हणायच्या, "आधी माप घ्या, मग मत द्या." त्यांच्याकडे माप असायचंच, त्यामुळे चेअरमन त्यांना वचकून असत.

त्यांचा एक नियम मात्र स्वतःसाठी होता. आपण केलेलं काम आपण पास करायचं नाही. साधी आमटी केली तरी वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या. मी चाखून पास म्हटलं तरच घरी जाऊन जेवायच्या. नुसतं छान म्हटलेलं चालायचं नाही, कारण द्यावं लागायचं.

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी प्रज्ञा ठाण्यात कोलशेतला, खाडीकडच्या एका उंच टॉवरमध्ये. मावशींचा उजवा हात थरथरायला लागला, कंपवाताचं निदान झालं, आणि प्रज्ञाने आईला घेऊन जायचं ठरवलं. तिचं काही चुकत नव्हतं. मावशींचे पाय उंबऱ्यापाशी यायचे आणि जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. मागून हलकेच हात लावावा लागायचा. पण मावशींना डोंबिवली सोडायची नव्हती. इथली भाजीवाली, इथलं बुद्धविहार, इथली आपली किल्ली. "तिकडे मला खुर्चीत बसवून खाडी दाखवतील," त्या मला म्हणाल्या, "आणि खाडी काय गं, रोज तीच."

मग एका सकाळी वेगळंच घडलं. बिल्डिंगच्या आवारात पेपरवाल्याची सायकल उभी होती. मावशी तिच्यापाशी थांबल्या, काय मनात आलं कोण जाणे, कोणाची तरी मदत घेऊन वर बसल्या आणि निघाल्या. चालताना अडणारे पाय पॅडलवर अडलेच नाहीत. बिल्डिंगला फेरी मारून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. विठ्ठलवाडीच्या चाळीत त्या वडिलांच्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारत सायकल शिकलेल्या. ते सगळं पायांत शिल्लक होतं. डॉक्टरांनाही नवल वाटलं नाही, काही जणांचं असं होतं म्हणाले. प्रज्ञा मात्र ऐकूनच घाबरली. त्या रविवारी माय-लेकींची चांगलीच जुंपली आणि शेवटी मावशी म्हणाल्या, "माझ्या हाताने सायकल जोडते. तिच्यावर बसून तुझ्या दारात येते. आले, तर मला इथे राहू द्यायचं. नाही जमलं, तर बॅग भरते." प्रज्ञाने कंटाळून हो म्हटलं. आई सायकल जोडेल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

तयार सायकल का नको, हे मी विचारून पाहिलं. मावशींना हवी तशी दुकानात नव्हतीच. दांडा खाली वाकलेला हवा, म्हणजे पाय सहज टाकता येईल. पण फ्रेम लांबच्या रस्त्याला टिकणारी हवी. ब्रेक आणि गिअर दोन्ही डाव्या हाताशी, कारण उजव्याचा भरवसा नाही. रुंद टायर, मागे भक्कम कॅरियर, भाजीपासून कपड्यांपर्यंत सगळं मावेल अशा दोन पिशव्या.

उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडे आम्ही जुन्या फ्रेम बघायला गेलो. मावशींनी पर्समधून दोरा काढला. मागच्या चाकाच्या खाचेतून निघून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत तो ताणला आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजलं. एकीकडे जास्त भरलं. फ्रेम वाकडी. लाल टिकली. भंगारवाला आधी हसला, मग वैतागला, आणि शेवटी स्वतःच दोऱ्याचं टोक धरून उभा राहिला. पास झालेली फ्रेम घरी आली ती हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीखाली विराजमान झाली. प्रज्ञा फोनवर म्हणाली, "आईने लोखंड दत्तक घेतलंय."

त्यानंतर एकेक भाग येत गेला. चाकाच्या मधल्या हबमध्ये बेअरिंगचे छर्रे बसवताना मावशी जमिनीवर चादर अंथरायच्या. थरथरत्या बोटांतून छर्रा निसटायचा, चादरीवर पडायचा, त्या तो उचलायच्या, पुन्हा ग्रीसमध्ये टेकवायच्या. एकदा मी पुढे होऊन छर्रा उचलला तर माझा हात बाजूला करून म्हणाल्या, "तू बसवलास तर ती तुझी सायकल." मी चहा करायला आत निघून गेले.

सगळ्यात वेळ चाकांनी खाल्ला. आरे ओवायचे, एकमेकांत अडकवायचे, मग चाक फिरवत त्याचा आउट काढायचा, म्हणजे ते डावीकडे-उजवीकडे लचकत असेल तिथे आरे कसायचे किंवा सैल करायचे. मावशी नखाने आरा छेडून आवाज ऐकायच्या. गणपती आले आणि गेले, मावशींचं मागचं चाक चालूच. अखेर ते सरळ फिरलं. टायर चढवला, मी पंप आणला, आणि पंपाचं तोंड आत जाईना. ओवताना सुरुवातच एका भोकाने चुकली होती. व्हॉल्व्ह जिथे मोकळ्या जागेत यायला हवा, तिथे बरोबर त्याच्या डोक्यावर आऱ्यांची कैची बसली होती. दुरुस्त करायचं तर सगळं चाक उसवून पुन्हा ओवायला हवं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेली बाई चाकाकडे नुसती बघत राहिली. तोवर हात आणखी बिघडला होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मग त्यांनी मला कारखान्यातली एक पद्धत सांगितली. मालात दोष आहे, पण त्याने काम अडत नाही, असं असेल तर तो डेव्हिएशनवर पास करतात. हिरव्या टिकलीवर पेनने तिरकी रेघ. पण निर्णय दुसऱ्याने द्यायचा आणि दोष-कारण स्पष्ट सांगायचं. मी आरे बोटांनी बाजूला दाबले, पंप तिरका घुसवला, हवा भरून दाखवली. मग म्हटलं, "दोष, हवा भरताना त्रास. कारण, चालताना काही फरक नाही." आणि तिरक्या रेघेची टिकली व्हॉल्व्हशेजारी रिमवर लावली. मावशींनी ती अंगठ्याने दाबून बसवली.

थंडीतल्या एका रविवारी, उजाडताच त्या निघाल्या. मागे स्कूटरवर मी, ही प्रज्ञाची अट. मोठागावचा पूल ओलांडून माणकोली, मग काल्हेर, कशेळी, बाळकुम. वाटेत त्या फक्त एकदा चहाला थांबल्या. कोलशेतला गेटवर प्रज्ञा उभी होती. तिने आईला सायकलवरून उतरवून घेतलं आणि तशीच बिलगून रडली. बॅग भरायचा विषय त्या दिवशी संपला.

पुढे मावशी रोजचा बाजार, विहार, बँक सगळं सायकलनेच करू लागल्या, आणि रविवारी कोलशेत, तेव्हा मागे स्कूटरवर मी असायचेच. त्यांनी एक काम मात्र माझ्या गळ्यात घातलं. "मी रस्त्यावर सायकल चालवण्यालायक आहे की नाही, हे मी ठरवायचं नाही. ते तू बघायचं." मी हसून हो म्हटलं. आपण कशाला हो म्हणतोय हे तेव्हा कळलं नाही.

तो रविवारही आला. बाळकुमच्या वळणावर मावशी नकळत रस्त्याच्या मधोमध गेल्या. मागून येणाऱ्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला, ड्रायव्हर काहीबाही ओरडला, आणि मावशी तशाच पुढे गेल्या. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी टिकल्यांचे तिन्ही कागद माझ्यापुढे धरले. मी टेम्पोवाल्याला दोष देऊन पाहिला.

"ओळखीचा माल म्हणून सोडू नकोस," त्या म्हणाल्या.

मी लाल टिकली काढून सायकलच्या हँडलवर लावली.

"कारण?"

"टेम्पो मागे होता, मावशी. तुम्हाला कळलाच नाही."

त्यांनी टिकली नखाने सोडवली आणि स्वतःच्या उजव्या हातावर लावली. "जागा चुकलीस. सायकल पास आहे. ती तू घे." त्या महिन्यात त्यांनी बॅग भरली.

मग उलटं सुरू झालं. रविवारी मी त्या सायकलवरून कोलशेतला जायचे आणि मावशी खाली आवारात खुर्ची टाकून माझी तपासणी करायच्या. साखळी कोरडी, पिवळी. सीट खाली, पिवळी. वळताना हात दाखवत नाहीस, पिवळी. ही शेवटची सवय तेव्हा काही माझ्याच्याने सुधारली नाही. हळूहळू त्यांचं बोलणं पुसट होत गेलं, तरी टिकल्यांचा कागद मांडीवर असायचाच.

गेल्या हिवाळ्यातल्या आमच्या शेवटच्या भेटीत त्यांनी हिरवी टिकली सोडवून घेतली, पेन मागितलं, आणि कितीतरी वेळ लावून तिच्यावर एक वेडीवाकडी तिरकी रेघ ओढली. मी हँडल पुढे केलं. त्यांनी माझा हात ओढला आणि टिकली मनगटावर चिकटवली.

मी सवयीने विचारलं, "कारण?"

ओठ हलायला वेळ लागला. मी अगदी जवळ वाकले.

"वळताना हात दाखवत नाहीस," त्या म्हणाल्या. "पण येतेस."

आठवड्याभरात त्या गेल्या. ती टिकली मी घरी येताच मनगटावरून अलगद सोडवून मागच्या रिमवर, त्या पहिल्या टिकलीशेजारी लावली होती. सायकलचा दुकानदार म्हणतो, चाक पुन्हा ओवून देतो, व्हॉल्व्ह मोकळा होईल. मी नको म्हणते. आरे बाजूला दाबून, पंप तिरका घुसवून हवा भरते आणि कामाला निघते. वळताना आता हात दाखवते.